माशाच्या वासाचा हेडफोन

मी हेडफोन बोलतोय. हसू नका. आजवर दुसऱ्यांचं बोलणं इकडून तिकडे पोचवायची हमाली केली, आता माझं थोडं ऐका. आणि आधीच सांगून ठेवतो, 'माझ्यावर धूळ बसली हो, मला कोणी विचारत नाही हो' असं रडगाणं गाणाऱ्यांतला मी नव्हे. माझ्या पोटात राग आहे. तो जिरलेला नाही आणि जिरवायची माझी इच्छाही नाही.

जन्म कुठे झाला ते मला ठाऊक नाही. खोक्यावर चिनी अक्षरं होती, त्यावरून काय ते समजा. शुद्धीवर आलो तेव्हा कोल्हापूरच्या एका दुकानात होतो. २००८ च्या उन्हाळ्यात आम्ही चार भाऊ एकाच पिशवीतून, एसटीने घाट उतरून मालवणला आलो. कानांना दोन काळ्या मऊ गाद्या, डोक्यावर वाकलेली पट्टी आणि तोंडासमोर येणारा छोटासा माइक. नवा होतो तेव्हा मी देखणा होतो, मेलो तरी हे सांगायचं सोडणार नाही.

आमचे मालक रविराज सर. मूळचे कसालचे. मालवणच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत, एका माडीवर त्यांनी इंग्रजी बोलायला शिकवायचा क्लास काढला होता. पुस्तक नाही, फळा नाही. इंटरनेटवरचे व्हिडिओ लावायचे आणि ते बघून बोलायला शिकायचं. तालुक्यात असा दुसरा क्लास नाही असं सर येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. पडद्यावर निळा कोट घातलेली एक बाई यायची. ती एक वाक्य बोलून थांबायची आणि मुलांनी तेच वाक्य तसंच्या तसं आमच्या माइकमध्ये म्हणायचं. विमानतळावर सामान कुठे मिळतं? हॉटेलात खोली कशी मागायची? मालवणच्या पोरांनी विमान पाहिलेलं, पण डोक्यावरून जाताना.

पहिल्याच बॅचला वर्षाली आली. देवबागची. बारावी झालेली, बापाची होडी, आई गंगू मालवणच्या बाजारात मासे विकायला बसणारी. ही पहाटे बापाबरोबर होडीवरचे मासे उतरवायची, आईची पाटी बाजारात पोचवायची आणि तशीच क्लासला यायची. तिला इंग्रजी का हवं होतं ते तिने पहिल्याच दिवशी सरांना सांगितलं. देवबागला पर्यटक येऊ लागले होते. खाडी दाखवायला, डॉल्फिन दाखवायला होड्या निघायच्या, आणि पाहुण्यांशी इंग्रजी बोलायला म्हणून गोव्याहून कोणी तरी आणलेला असायचा. तो वाटेल ते ठोकून द्यायचा. खाडीला नदी म्हणायचा, सुरमईला बांगडा म्हणायचा.

"आमच्या दर्यार बोलूक गोव्याचो माणूस कित्याक होयो, सर?" वर्षालीने विचारलं. "माका बोलूचा आसा."

सर म्हणाले, "आधी मराठी तरी नीट बोल." सगळे हसले. तेव्हा मी तिच्या कानावर होतो. तिचे कान तापलेले मला कळले.

पंधरवडा गेला असेल. एके दिवशी अक्षयाने मला उचललं आणि नाकाशी नेलं. ही अक्षया म्हणजे एका डॉक्टरांची मुलगी, पावडर लावून यायची, स्वभावाने वाईट नव्हे पण नाक फार वर. "सर, ह्या हेडफोनला कसला तरी वास येतोय हो," ती म्हणाली. कसला ते सगळ्यांनाच माहीत होतं. कोणी नाव घेतलं नाही. नुसते माना वळवून वर्षालीकडे बघत राहिले.

सरांनी काय केलं सांगू? टेबलाच्या खणातून विजेच्या वायरीला गुंडाळतात ती लाल चिकटपट्टी काढली आणि माझ्या डोक्यावरच्या पट्टीला तीन वेढे मारले. मागच्या खिडकीशी, जिथे लादी पुसायचं फडकं वाळत घालायचे, तिथे एक खिळा ठोकला. मला त्याच्यावर टांगलं आणि गोड आवाजात म्हणाले, "वर्षाली, हा तुझा हं. दुसरं कोणी हा घालायचा नाही. तूही दुसरा घ्यायचा नाही. हायजीन असतं ना!"

माझे तीन भाऊ टेबलावर, आणि मी फडक्याशेजारी. मी काय केलं होतं हो? आणि तिने तरी काय केलं होतं? याच सरांच्या घरी बुधवारी आणि रविवारी गंगूच्याच पाटीतले बांगडे जायचे. त्यांचं झणझणीत तिखलं चापून खायचं, आणि बांगडेवालीच्या मुलीचा वास चालत नाही. वा रे वा!

वर्षाली रडली नाही. दुसऱ्या दिवशी आली ती केसांना लिंबू चोळून, अंगाला साबण घासघासून, हात लाल झालेले. त्या लिंबाचा वास मला माशाच्या वासापेक्षा जास्त झोंबला. तीन-चार दिवस असं चाललं. मग एक दिवस आली ती थेट बाजारातून, ओल्या परकराच्या काठाला खवलं चिकटलेलं. मला कानावर घातलं, माइक तोंडाशी ओढला आणि कोणाला ऐकू जाणार नाही असं पुटपुटली, "वास येता तर येवंदे. ह्यांका एक दिस दाखवतलंय."

त्या दिवसापासून आमचा दोघांचा करार झाला. तिने सूड घ्यायचा आणि मी तिला साथ द्यायची.

पण सूड घ्यायचा तर आधी बोलता यायला हवं, आणि तिला एक अक्षर बोलता येईना. निळ्या कोटवालीने विमानतळ म्हटलं की हिची जीभ टाळ्याला चिकटायची. जे कधी पाहिलंच नाही त्याच्याबद्दल माणूस बोलणार काय, कपाळ?

धडा संपला की उरलेला वेळ ज्याने त्याने आपल्याला हवा तो व्हिडिओ बघायचा असा क्लासचा रिवाज होता. वर्षालीने एकदा चाचपडत 'फिश' असं टाइप केलं. पडद्यावर कुठल्या तरी लांबच्या देशातला एक जाडा माणूस आला. डोक्याला टोपी, हातात गळ, होडीत एकटाच. मासा लागला की लहान पोरासारखा किंचाळायचा, "लुक ॲट दॅट ब्यूटी!" मग मासा हातात धरून त्याचं कौतुक करायचा, त्याचा रंग, पर, शेपूट सगळ्याचं वर्णन करायचा, आणि शेवटी त्याचा मुका घेऊन त्याला पाण्यात सोडून द्यायचा.

वर्षालीने घरी जाऊन हे सांगितलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी ती पडद्याकडे बघून हळूच म्हणाली, "आये म्हणता, धरलेलो मासो सोडता? खुळो मेलो!" आणि एकटीच हसली. क्लासमध्ये मी तिचं हसू पहिल्यांदा ऐकलं.

आता खरी गंमत ऐका. तेव्हाचं मालवणचं इंटरनेट म्हणजे आजारी बैल. दोन पावलं चालणार आणि बसणार. व्हिडिओ चालता चालता मध्येच थांबायचा, पडद्यावर ते चक्र गरगरत राहायचं. बाकीची पोरं कपाळाला हात लावायची, कोणी चहाला जायचं. वर्षाली जागची हलायची नाही. तो जाडा माणूस अर्ध्या वाक्यावर अडकलेला, तोंड उघडं, हातात मासा फडफडतोय, आणि त्याला पुढे काय म्हणायचं असेल ते हिला माहीत असायचं. दर्या तिला माहीत, मासा तिला माहीत. मग ती त्याचं उरलेलं वाक्य आपणच पुरं करायची. आधी एक शब्द, तोही चुकीचा. चक्र थांबलं की त्याचं वाक्य ऐकायची, आपलं त्याच्याशी ताडून बघायची आणि "हात् मेले!" म्हणून स्वतःलाच शिवी घालायची. पुढच्या खेपेला बरोबर म्हणायची.

वर्षभर हे चाललं. पावसाळ्यात लाइन जितकी जास्त अडखळायची तितकी ही जास्त बोलायची. पुढे पुढे तर तो अडकला की ही त्याच्याहून लांबलचक बोलायची, आणि वर त्याच्याशी भांडायची. हे सगळं ऐकायला मी एकटा. सर तिच्या बाजूला फिरकतच नव्हते. फडक्याकडे कोण जातो?

२००९ च्या दिवाळीआधी बातमी आली. मुंबईच्या एका पर्यटन कंपनीला देवबागच्या होड्यांवर पाहुण्यांशी बोलणारं माणूस पाहिजे होतं. कंपनीच्या मॅडम इंटरनेटवरूनच मुलांशी बोलून निवड करणार होत्या. नावं सरांनी द्यायची. वर्षाली ज्यासाठी क्लासला आली होती तेच काम समोर आलं. गोव्याचा माणूस जाणार आणि तिच्या दर्यावर ती बोलणार.

सरांनी नावं दिली अक्षया आणि तिच्याच बॅचचा प्रितेश. वर्षालीने विचारलं तेव्हा सर म्हणाले, "अगं, त्यांना जरा प्रेझेंटेबल मुलं हवी आहेत. पुढच्या वेळी बघू."

ती खाली मान घालून मागे आली. मला खिळ्यावर अडकवलं. मी मनात म्हटलं, थांबा रविराजशेठ, तुमची घटका भरत आली.

आणि भरलीच की! परतीच्या पावसाचे दिवस. एका संध्याकाळी आभाळ असं कडाडलं की मालवणात कौलं हलली. सरांनी विजेचे प्लग काढले होते, पण टेलिफोनची तार विसरले. वीज त्या तारेतून शिरली आणि टेबलावरचे सगळे संगणक एका दमात खलास. त्यांना जोडलेले माझे तीन भाऊही गेले. आतल्या खोलीतला सरांचा स्वतःचा संगणक तेवढा वाचला, त्याचं इंटरनेट मोबाइलवरून चालायचं. आणि मी वाचलो, कारण मी कशालाच जोडलेला नव्हतो. भावांसाठी वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, पण फार नाही.

मॅडमची मुलाखत परवावर आलेली. नवे हेडफोन मागवायला कुडाळच्या दुकानात फोन केला तर दिवाळीची सुट्टी. सगळ्या क्लासमध्ये माइक असलेला जिवंत हेडफोन एकच, मी.

सरांनी आपला संगणक बाहेरच्या टेबलावर आणला आणि मला खिळ्यावरून काढलं. औषधाच्या पाण्याने पुसलं, अत्तर फासलं. लाल पट्टी ओढून पाहिली, ती निघेना. पहिली पाळी अक्षयाची, प्रितेश तिच्यामागे उभा. तिने मला दोन बोटांत धरून डोक्यावर चढवलं. एव्हाना माझ्या गाद्या जुन्या होऊन त्यांचा काळा भुगा सुटायला लागला होता. मी तो तिच्या गोऱ्या गालांवर मनसोक्त सोडला. मला दुसरं काय करता येणार?

वर्षाली रोजच्या वेळेला आली आणि मागच्या बाकावर बसली. तिला कोणी ये म्हटलं नव्हतं, पण जा म्हणायलाही कोणाला सवड नव्हती. मॅडमचा आवाज सगळ्यांना ऐकू यावा म्हणून सरांनी तो स्पीकरवर सोडला होता. बोलायला मात्र माझा माइक.

अक्षयाने पाठ केलेलं स्वतःबद्दलचं सगळं धडाधड म्हटलं. मॅडम खूश. मग त्यांनी प्रश्न विचारला आणि नेमकी लाइन अडखळली. "गेस्ट... बोट... स्केअर्ड... व्हॉट..." एवढंच आलं. अक्षया सरांकडे बघायला लागली. सरांनी हातवारे केले. अक्षया म्हणाली, "वेलकम टू अवर हॉटेल!"

 मग पुन्हा मॅडमचे तुकडे, पुन्हा अक्षयाचं "हॅलो, हॅलो?" तिच्या कपाळावरचा घाम माझ्या पट्टीत मुरायला लागला.

तेवढ्यात वर्षाली उठली आणि सरळ पुढे आली.

"सर, हा हेडफोन माझा आहे," ती शुद्ध मराठीत म्हणाली.

सरांनी डोळे वटारले आणि ओठावर बोट ठेवलं. ओरडायची सोय नव्हती, माइक चालू होता ना!

"तुम्हीच सांगितलंत, दुसरं कोणी हा घालायचा नाही. लाल पट्टी तुम्हीच लावलीत. अक्षया, काढ गो तो."

अक्षयाने मला असं काढलं की जणू सुटली बिचारी. वर्षालीने मला घातलं, खुर्ची पुढे ओढली आणि मॅडमचा अर्धा प्रश्न आपण पुरा केला. इंग्रजीत. पाहुणा होडीत लाटांना घाबरला तर मी काय करीन, हेच विचारताय ना मॅडम? मी त्याला आधी खाली बसवीन आणि माशांबद्दल बोलायला लागेन. माणूस मासे बघायला लागला की लाटा विसरतो.

मॅडम हसल्या. लाइन पुन्हा तुटली, हिने पुन्हा जोडून घेतली. कुठल्या महिन्यात कोणता मासा येतो, डॉल्फिन केव्हा दिसतो, खाडीचं पाणी आणि दर्याचं पाणी संगमावर कसं वेगळं दिसतं, भरतीला होडी कशी काढतात, सगळं. मध्येच त्या जाड्या माणसासारखी ओरडली, "लुक ॲट दॅट ब्यूटी!" व्याकरण चुकत होतं, पण ती थांबत नव्हती. सर भिंतीला टेकून उभे होते, तोंडात मारल्यासारखे.

शेवटी मॅडमनी विचारलं, हे तुला कोणी शिकवलं?

सरांचा चेहरा एकदम उजळला, मान पुढे आली. मी माझ्या परीने ओरडत होतो, सांग गो, सांग! खिळा सांग, फडकं सांग, लिंबू सांग! माइक उघडा आहे! पण ती म्हणाली, "इंटरनेटवरचा एक माणूस, मॅडम. तो मासे पकडतो आणि सोडून देतो. माझी आई त्याला खुळा म्हणते."

सरांचं नाव नाही घेतलं, एवढंच. तिला काम मिळालं. जाताना तिने मला टेबलावर ठेवलं आणि मागे न बघता जिना उतरून गेली. मी तिच्यावर चिडलो. एवढा हाताशी आलेला सूड असा सोडायचा असतो? त्या जाड्याचा गुण लागला हिला!

आता सरांची कमाल बघा. २०१० मध्ये नव्या बॅचसाठी त्यांनी वर्षालीचा होडीवरचा फोटो मोठा करून भिंतीवर लावला आणि त्याच्याखाली, स्वतःच्या खुर्चीच्या बरोबर वर, मला टांगलं. माझा डावा कान तोवर बहिरा झाला होता, पण दिखाव्याला काय लागतं? नवीन पोरं विचारायची, तेव्हा सर सांगायचे, "हा आपला लकी हेडफोन. वर्षालीची हुशारी ओळखून मी तिला हा स्पेशल दिला होता." खंडेनवमीला मला हळद-कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, आणि पोरं मला हात लावून पाया पडली. माझ्या अंगाची आग आग झाली! खिळ्यावरचा अपमान परवडला, पण ही पूजा नको.

आणि एका दुपारी क्लास चालू असताना दारात गंगू उभी राहिली. डोक्यावर पाटी.

"सर, वर ह्यां काय लावल्यात?"

"तो होय, गंगूबाय? आमचा लकी हेडफोन. तुमच्या वर्षालीला मी स्पेशल दिला होता."

"पेशल? मग लाल पट्टी कित्याक?"

सर हसले. "आठवण म्हणून."

गंगूने पाटी उतरवली, उंबऱ्यात ठेवली आणि शेजारी फतकल मारून बसली. "माझ्या चेडवान माका सगळां सांगल्यान. पण माका तुमच्या तोंडान ऐकूचा आसा. सांगा. माका घाई नाय. चार बांगडे रवलेत, ते काय उडान जाणत नाय."

सर पोरांना म्हणाले, तुम्ही चालू ठेवा. एकानेही चालू ठेवलं नाही. पाटीतला वास हळूहळू खोलीभर झाला. सरांनी खिडकीकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. आणि कधी नव्हे ते त्यांच्या तोंडून कसालची बोली बाहेर पडली.

"वास येता म्हणान तिका वेगळो दिलंय."

"कसलो वास?"

"माशांचो."

"खंयच्या माशांचो?"

"तुमच्या पाटयेतल्या."

"म्हणजे तुम्ही बुधवारी खातास, तेच मां?"

"होय."

गंगूने मान हलवली. "बरां. आता ह्यां इंग्रजीत सांगा. इंग्रजीचो क्लास ना ह्यो? पोरांका समजांदे."

सरांनी ओठांवरून जीभ फिरवली. खाली मान घालून, हळू आवाजात म्हणाले, "आय गेव्ह वर्षाली अ सेपरेट हेडफोन, बिकॉज शी स्मेल्ड ऑफ फिश."

या बॅचला सरांनीच एक शिस्त लावली होती. सर इंग्रजीत काही बोलले की सगळ्यांनी ते मागोमाग, एका सुरात, मोठ्याने म्हणायचं. पोरं शिस्तीची. त्यांनी छाती भरून घेतली आणि सबंध गल्लीला ऐकू जाईल असं म्हटलं, "आय गेव्ह वर्षाली अ सेपरेट हेडफोन, बिकॉज शी स्मेल्ड ऑफ फिश!"

खालच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन वर बघायला लागला. 

गंगूला इंग्रजीचं ओ की ठो कळत नाही. तिने पदर सावरला, एक पाय दुमडून नीट ठाण मांडून बसली आणि म्हणाली, "बरां लागता ऐकूक. परत एकदा सांगा, सर."

तर मंडळी, मी अजून तिथेच आहे. उजव्या कानाने अजून ऐकू येतं. जुन्या वस्तू शेवटी हात जोडतात, मला फेकू नका, मला दुरुस्त करा म्हणून विनवतात. माझं तसलं काही मागणं नाही. माळ तेवढी काढा. लाल पट्टीला हात लावू नका. आणि मालवणला आलात तर माडी चढून या, वर बोट दाखवा आणि सरांना विचारा, हे काय आहे म्हणून. ते सांगतील, इंग्रजीत. त्यांना आता चांगलं बोलता येतं.